सहा शिलिंगांचा खाडा

२०२५च्या जूनमधली गोष्ट. मुंबईत रग्बी प्रीमियर लीग चालू होती, पहिल्यांदाच, आणि आमच्या दांडिया बाजारातल्या घरी भाचा टीव्हीसमोर पालथा पडून ती बघत होता. पुढ्यात लीलो चेवडोची पुडी. मध्येच मान वळवून म्हणाला, "मामा, तू हेच खेळायचास ना तिकडे?"

"हे नाही. हे सात जणांचं. मी दुसऱ्या दोन खेळलो."

"दोन? रग्बी काय दोन-दोन असतात?"

असतात. एका घरातल्या दोन जावा असाव्यात तशा, आणि शंभर वर्षांचा अबोला. मी चेवड्यातली डाळ निवडून मांडणी करायला बसलो, पंधरा दाणे इकडे युनियनचे, तेरा तिकडे लीगचे. तिसऱ्या मिनिटाला त्यानं लीगचे सात खाऊन टाकले आणि पुन्हा टीव्हीकडे वळला. त्याला सांगायचं राहिलं ते इथे लिहितोय.

मी मूळचा कबड्डीचा. डावा कोपरा. बडोद्यात, त्यातून जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या आसपास वाढलेल्या मराठी पोराच्या नशिबी मल्लखांब, कुस्ती किंवा कबड्डी यांतलं एक काहीतरी येतंच; माझ्या नशिबी काकांमुळे कबड्डी आली. काका चढाईचे खेळाडू. त्यांचा ठाम समज होता की कबड्डीचं पुस्तक बडोद्यानं लिहिलं. हिंद विजय जिमखान्यानं १९२३ साली नियम सुधारून स्पर्धा भरवल्या, एवढं ते दर गणपतीत कुणालातरी ऐकवत. पुण्याचा एखादा पाहुणा डेक्कन जिमखान्याचं नाव काढायचा, तेव्हा काकांना नेमकं कमी ऐकू यायचं.

त्याआधी हुतूतूचे तीन प्रकार नांदत होते. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होऊन परत यायचा. गामिनीत गेला तो गेला, संघ संपेपर्यंत बाहेर बसून राहायचं. अमरमध्ये बाद झालेला गडी बाहेर जायचाच नाही, नुसते गुण मोजायचे. एकाच खेळाला अशा फांद्या फुटतात आणि कधीतरी चार शहाणी माणसं बसून त्या एका वहीत बांधतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. इंग्लंडात उलटं झालं. वही एकच होती, ती फाडली. आणि नियमांच्या भांडणातून नाही, खाड्यावरून फाडली.

पण त्याआधी माझी फजिती.

२००२ साली कंपनीनं मला दोन वर्षांसाठी हडर्सफील्डला पाठवलं. यॉर्कशरमधलं लोकरीच्या कापडाचं जुनं गाव. गिरण्या बहुतेक बंद, धुराडी मात्र उभी, आणि पाऊस असा की बडोद्याच्या माणसाला वाटावं, हा पडतो तरी कधी आणि थांबतो तरी कधी. डिझाइनच्या खोलीतल्या एका सहकाऱ्यानं दुसऱ्याच आठवड्यात विचारलं, शनिवारी काय करतोस? तो एका युनियन क्लबच्या तिसऱ्या संघाकडून खेळायचा आणि त्या संघाला एक माणूस कमी होता. तिसऱ्या संघाला कायमच एक माणूस कमी असतो, हे मला पुढे कळलं.

मला विंगवर उभं केलं. विंग म्हणजे मैदानाचा पार काठ. गल्ली क्रिकेटमध्ये पाहुण्याच्या मुलाला जिथे उभं करतात तिथे. पस्तीस मिनिटं चेंडू माझ्याकडे आला नाही. लांब मध्यभागी तीस माणसांतली वीस एकमेकांवर वाफाळत पडलेली दिसत होती, मी काखेत हात घालून थंडीनं कुडकुडत होतो. मग अचानक त्यांचा एक दांडगा गडी चेंडू घेऊन माझ्याच बाजूनं सुटला. माझ्या दीडपट. विचार करायला वेळ नव्हता, त्यामुळे शरीरानं दहा वर्षं केलं होतं तेच केलं. खाली गेलो आणि त्याचा चवडा काढला.

तो पडला. आवाज आठवतोय, ओल्या पोत्यासारखा. त्याचा मोजा माझ्या मुठीत, बुटाचा खिळा हनुवटीला, तोंडात चिखल आणि गवत. आणि मी धरून ठेवला. कबड्डीत धरलेला पाय पंचाची शिट्टी होईपर्यंत कोण सोडतो? तो हात झाडतोय, लाथ झाडतोय, चारीबाजूंनी लोक धावत येतायत, मी घोट्याला मिठी मारून पडलेला. शिट्टी झाली. मला वाटलं, कौतुकाची. पंचांचा हात मात्र त्यांच्या बाजूला वर गेला होता.

युनियनमध्ये पाडलेल्या माणसाला लगेच सोडायचं असतं. पाडणाऱ्यानं सोडायचं, बाजूला व्हायचं. पडलेल्यानं चेंडू सोडायचा. मग दोन्ही बाजूंचे उभे लोक त्या चेंडूवरून एकमेकांना रेटतात, याला रक म्हणतात, आणि रेटण्यात जो जिंकेल त्याचा चेंडू. मी त्या दिवशी तीनदा असा पाय धरून ठेवला, तीनदा दंड झाला. त्यातले दोन त्यांनी खांबांमधून मारले, तीन-तीन गुण. आम्ही हरलो चार गुणांनी. गणित सगळ्यांनाच येत होतं, कुणी बोललं नाही. कप्तानानं बिअरचा ग्लास पुढे ठेवला आणि एवढंच म्हणाला, पुढच्या वेळी जाऊ दे रे त्याला.

दुसरी खोड त्याहून विचित्र. चेंडू हातात आला की माझा श्वास बंद व्हायचा. दम घालायची सवय. समोरच्या अंगणात शिरलो की एका श्वासात काम उरकून मध्यरेषेला परत यायचं, हे हाडात मुरलेलं. इथे परतायचं नसतंच. दहा पावलं गेलो की छाती फुटायला यायची, आणि एकदा तर समोर दोन जण दिसताच मी चक्क मागे वळून पळालो. प्रेक्षकांत दोन म्हातारे आणि एक कुत्रं होतं. कुत्र्यानंही मान वळवली.

हळूहळू शिकलो. पाय धरणारा माणूस काठावर वाया जातो हे कप्तानाच्या लक्षात आलं आणि मला सात नंबरला, फ्लँकर म्हणून घेतलं, म्हणजे ढिगाऱ्यावर आधी पोचणाऱ्याच्या जागी. तेव्हा युनियन आतून दिसली. मंगळबाजारात दिवाळीच्या आधीच्या गर्दीत शिरून एखादी वस्तू हातात धरून बाहेर पडायचं, तसं रकचं. बाहेरून नुसती झोंबाझोंबी. आत प्रत्येकाला माहीत असतं आपलं डोकं कुठे, खांदा कुठे, कुणाचा हात चोरून चेंडूवर आलाय. चेंडू कुणाचा हा प्रश्न दर पाच-सात सेकंदांनी नव्यानं विचारला जातो आणि दरवेळी उत्तर वेगळं मिळू शकतं. स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ, खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी रेटतात. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की लाइनआउट, त्यात दोघं मिळून एकाला उचलून हवेत धरतात आणि तो आत फेकलेला चेंडू झेलतो. आपल्या दहीहंडीच्या थरांशी त्याचं नातं मला पहिल्या दिवशीच दिसलं, त्यांना ते समजावता मात्र आलं नाही.

पुढच्या हंगामात लीग. आणि तिथे मला नेलं ते ऑफिसातल्या कुणी नाही, शॉपफ्लोअरवरच्या एका फिटरनं. गिअरबॉक्स उघडण्यात पंचवीस वर्षं घालवलेला माणूस. माझ्या पाय न सोडण्याची कीर्ती खाली पोचली होती. तो म्हणाला, न सोडणाऱ्यांचा खेळ वेगळा असतो, तू चुकीच्या गल्लीत शिरलास. टायवाले युनियनला नेतात, डांगरीवाले लीगला, ही वाटणी माझ्या तेव्हा लक्षात आली नाही. मी वर ऑफिसात सांगितलं की आता लीग खेळणार, तेव्हा डिझाइनवाला सहकारी नुसता हसला. बडोद्यात आपण एखाद्याला सांगावं की आता अमक्या वाडीत राहायला चाललो, आणि तो काही न बोलता हसावा, तसं.

पहिल्याच सरावात डावा कोपरा जागा झाला. लीगमध्ये धरलेला माणूस धरायचाच असतो. पंच "हेल्ड" ओरडेपर्यंत. दोघांतिघांनी मिळून धरा, साखळी करा, त्याला उताणा पाडा, जितका वेळ खाता येईल तितका खा. ओरडले की सोडा. मग पडलेला उठतो, चेंडू पायाखालून मागे सरकवतो, मागचा उचलतो, खेळ सुरू. रक नाही, रेटारेटी नाही, चेंडू कुणाचा हा वादच नाही. चेंडू तुमचा. असं सहा वेळा. सहाव्यांदा पकडले गेलात की तो समोरच्याला द्यायचा, म्हणून पाचव्या पकडीनंतर लाथ मारून लांब पाठवायचा नाहीतर काहीतरी धाडस करायचं. प्रो कबड्डीत तिसरी चढाई करो या मरो असते ना, ते बघताना मला दरवेळी लीगची शेवटची पकड आठवते.

सहा चढाया तुमच्या, सहा आमच्या. कबड्डीवाल्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

दमणं मात्र वेगळं. प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्या संघानं दहा मीटर मागे हटायचं. एक-दोघं चेंडूसमोर राहतात, बाकी सगळे मागे. खेळ सुरू झाला की सगळ्यांनी पुढे धावायचं, पकडायचं, पुन्हा मागे. युनियनमध्ये माणूस गर्दीत दमतो. कुणाच्या पाठीवर डोकं टेकवून दोन श्वास चोरता येतात, स्क्रम नीट लागेना म्हणून पंच बोलत बसतात तेवढ्यात बुटाची नाडी सोडून बांधता येते. लीगमध्ये लपायला जागाच नाही. तेरा माणसं, एक रांग, तुमच्या जागी तुम्ही नसलात तर ते भोक सगळ्या गावाला दिसतं. पहिल्या सामन्यात विश्रांतीनंतर मला उलटी झाली. फिटरनं पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, चला, आता झालास आमचा.

स्क्रम लीगमध्येही आहे, पण कशी? लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो तशी. मान आहे, सगळे जमतात, कुणी खरं पिळत नाही.

हे सगळं असं का, ते मला कुणी मैदानावर सांगितलं नाही. हडर्सफील्ड स्टेशनातून बाहेर पडलं की समोर चौक लागतो, चौकात हॅरॉल्ड विल्सनचा चालतानाचा पुतळा आहे. पंतप्रधान, पण या गावचा म्हणून. तिथेच जॉर्ज हॉटेल. मी दोन महिने त्याच्यासमोरून ये-जा करत होतो. २९ ऑगस्ट १८९५ ला इथे उत्तरेकडच्या वीस-बावीस क्लबांची माणसं जमली आणि लंडनच्या रग्बी युनियनमधून बाहेर पडली. कारण असं. हे क्लब खाणकामगारांचे, गिरणीकामगारांचे. शनिवारी दुपारपर्यंत काम असायचं. परगावी सामना असला की शनिवार बुडायचा, म्हणजे मजुरी बुडायची. क्लबांचं म्हणणं, पगार नको, बक्षीस नको, बुडालेली मजुरी तेवढी भरून देऊ द्या. लंडनचं म्हणणं, खेळ हौसेचा आहे; ज्याला परवडत नाही त्यानं खेळू नये. १८९३ साली यावर मतदान झालं होतं, २८२ विरुद्ध १३६ नं उत्तर हरलं. दोन वर्षांनी जॉर्ज हॉटेल. ठरलेली रक्कम दिवसाला सहा शिलिंग.

इंग्रजीत त्याला म्हणतात तुटलेला वेळ. मी ते वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच शब्द आला. खाडा.

आणि मग लीगचे नियम माझ्यासाठी एकदम उलगडले. खाडा भरून द्यायचा तर पैसा तिकिटाच्या खिडकीतून येणार. तिकीट काढणारा माणूसही खाणीतून आलेला. त्याला चेंडू दिसला पाहिजे. वीस माणसांच्या ढिगाऱ्याखाली चेंडू कुणाचा याची चर्चा त्यानं पैसे देऊन का बघावी? १८९७ साली लाइनआउट काढली. १९०६ साली पंधराचे तेरा केले आणि पाडलेल्यानं उठून पायानं चेंडू मागे द्यायची पद्धत आणली. पुढे असं व्हायला लागलं की एकच संघ तासभर चेंडू सोडेना, म्हणून १९६६ ला चार पकडींची मर्यादा, १९७२ ला सहाची. ट्राय म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं; त्याचे गुण चार, युनियनमध्ये पाच. पण दंडाची लाथ दोनच गुणांची आणि ड्रॉप गोल, म्हणजे चालू खेळात चेंडूचा टप्पा पाडून खांबांमधून मारलेली लाथ, एकाचा; युनियनमध्ये दोन्ही तीन-तीन. लाथा स्वस्त केल्या, म्हणजे लोक धावतील. एकेक नियम सहा शिलिंगांपासून सुरू होऊन मैदानापर्यंत आलेला.

युनियननं याचा सूड फार वर्षं घेतला. लीग खेळला की युनियनची दारं कायमची बंद. पैसे न घेता खेळला तरी. आमच्या युनियन क्लबच्या बारमध्ये एक आजोबा कोपऱ्यात बसायचे. त्यांनी मला सांगितलं की तरुणपणी आपला सख्खा मित्र लीगला गेला, तर त्याला या खोलीत पाय ठेवू देत नव्हते. मग त्याला खिडकीतून बिअर द्यायचो, असं म्हणून त्यांनी ती खिडकी दाखवली. फ्रान्समध्ये तर कळसच. १९४१ साली नाझींशी हातमिळवणी केलेल्या तिथल्या व्हिशी सरकारनं लीगवर बंदी घातली आणि मालमत्ता जप्त केली. एका खेळाला दोन खेळाडू जास्त की कमी यावरून सरकारं बंदी घालत नाहीत. कोण खेळतं त्यावरून घालतात.

२६ ऑगस्ट १९९५ ला युनियननं खेळाडूंना पैसे द्यायला उघड मान्यता दिली. जॉर्ज हॉटेलातल्या त्या संध्याकाळला शंभर वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते.

पुढच्याच वर्षी, १९९६ च्या मे महिन्यात, लीगचा राजा विगन आणि युनियनचा राजा बाथ यांच्यात दोन सामने झाले, एक याच्या नियमांनी, एक त्याच्या. लीगच्या नियमांनी विगन ८२-६. युनियनच्या नियमांनी बाथ ४४-१९. कोण श्रेष्ठ, याचं उत्तर लोक या आकड्यांत शोधतात. मला त्यात एवढंच दिसतं की लीगवाला युनियनमध्ये गोंधळतो आणि युनियनवाला लीगमध्ये दमतो. तिसऱ्या संघातून मी दोन्ही करून पाहिलंय.

मग २२ नोव्हेंबर २००३. युनियनच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, सिडनीत, इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया. आमच्याकडे सकाळचे नऊ. फिटर, त्याची गँग आणि मी पबमध्ये सकाळी सकाळी चहा आणि बेकन घेऊन. ही मंडळी लीगची, म्हणजे इंग्लंड हरलं तर वाईट वाटणार आणि युनियन जिंकली तरी वाईट वाटणार. त्या सामन्यात दोनच ट्राय झाले. ऑस्ट्रेलियाचा लोटे तुकिरीनं केला, तो लीगमधून आलेला. इंग्लंडचा जेसन रॉबिन्सननं, तो लीड्सचा, विगनकडून लीग खेळून मोठा झालेला. रॉबिन्सन कोपऱ्यात घसरत गेला आणि पब उठून उभा राहिला. आमचा आहे तो, फिटर टेबलावर हात आपटत होता, आमचा! शेवटी जादा वेळेच्या अखेरच्या मिनिटाला इंग्लंडच्या विल्किन्सननं उजव्या पायानं ड्रॉप गोल मारला, २०-१७. त्या लाथेचं जगभर कौतुक झालं. आमच्या टेबलावर दुपारपर्यंत एकच हिशेब चालू होता, की युनियनचा विश्वचषक आणि ट्राय सगळे लीगच्या पोरांचे. इंग्लंडचा बचाव शिकवणारा फिल लार्डरही लीगचाच.

आता कबूल करायची गोष्ट. फिटरला ती कधी सांगितली नाही. खेळायला मला लीग आवडली, बघायला युनियन आवडते.

लीग बघताना मी कधी कधी पुढचं आधी ओळखतो. एक, दोन, तीन, चार, पाच, लाथ. तालासुरात. सुंदर आहे, आणि चांगले संघ त्या तालात असे काही कट करतात की बघत राहावं. पण युनियनमध्ये अमुक क्षणी काय होईल हे कुणालाच माहीत नसतं, पंचांनाही नसतं असं कधी कधी वाटतं. आता मी रकमध्ये नाही, सोफ्यावर आहे. त्यामुळे तो ढिगारा मला वाचता येतो. कोण आधी पोचला, कुणी हात चोरला, पुढच्या तीन ढिगाऱ्यांनंतर कुठे माणूस कमी पडणार. खेळताना जो वाद नकोसा व्हायचा तोच बघताना हवासा वाटतो. शास्त्रीय गाणं आणि नाट्यसंगीत, दोन्ही आवडणारी माणसं आमच्या बडोद्यात पुष्कळ आहेत, त्यांना हे पटेल. बाकीच्यांनी मला दुटप्पी म्हणावं.

शिवाय युनियनच्या कपाटात आपला एक ऐवज आहे. कलकत्त्यातल्या साहेबांनी १८७०च्या दशकात एक फुटबॉल क्लब काढला, रग्बीचा. सभासद पांगले, क्लब बंद पडला, तेव्हा बँकेतले २७० चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्यांचा कप केला. तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्यासाठी भांडतायत. दरवर्षी तो टीव्हीवर दिसला की मी घरात ओरडतो, रुपये आपले आहेत. बायको म्हणते, मग आणा परत.

लीगकडे असा कप नाही, पण बॅटली आहे. हडर्सफील्डपासून जवळच. १८९७ साली लीगवाल्यांची पहिली चॅलेंज कप स्पर्धा बॅटलीनं जिंकली. त्यांचं मैदान तिरकं आहे, म्हणजे खरंच तिरकं. एका बाजूला चेंडू सोडला तर तो दुसऱ्या बाजूला जायच्या तयारीत असतो. फिटरबरोबर तिथे सामना बघायला गेलो तर वाटेतल्या दुकानात पान-मसाला आणि फरसाण. दुकानदार चाचा भरूचकडचे. मी बडोद्याचा म्हटल्यावर म्हणाले, "तो तो पाडोशी थया." त्यांनी तीस वर्षांत एकदाही रग्बी बघितली नव्हती. मी तिकडेच चाललोय म्हटल्यावर त्यांनी फरसाणचे पैसे घेतले नाहीत. वाट चुकलेल्या माणसाची करुणा होती त्यांच्या चेहऱ्यावर.

२००४ च्या उन्हाळ्यात मी परत आलो. काका तेव्हा सदुसष्टचे. ते एका कारखान्यात होते, नाव कशाला घ्यायचं, बडोद्यात असे पुष्कळ होते. १९६८ साली इंदूरला स्पर्धा होती, काका तीन दिवस गेले, संघ जिंकला. मंडळाला ढाल मिळाली, खेळाडूंना स्टीलचा एकेक पेला. कारखान्यानं तीन दिवसांचा खाडा लावला. मंडळानं सांगितलं, खेळ हौसेचा आहे, पैसे कसे देणार? काकूच्या हिशेबाच्या वहीत त्या महिन्यात दूध, रॉकेल यांच्याखाली एक ओळ आहे: खाडा ३. पुढचा एक मोठा सामना काकांनी सोडला. मग आणखी एक सोडला. आमच्याकडे या भांडणावर निघालेला तोडगा म्हणजे स्पोर्ट्स कोटा. रेल्वे, पोलीस, बँका खेळाडूला नोकरीवर घेतात आणि तो खेळतो तेव्हा हजेरी लागते. ना सहा शिलिंग, ना शुद्ध हौस, मधलं काहीतरी. कित्येक कबड्डीपटूंची घरं त्यावर उभी राहिली. काका त्या मधल्यात बसले नाहीत, कारण त्यांच्या कारखान्याचा संघ नव्हता.

त्या पेल्यानं काकू अजून तांदूळ मोजायची. मी ओट्यावर बसून काकांना जॉर्ज हॉटेलची गोष्ट सांगत होतो, आत पेला डब्यात खडखडत होता. काका गोष्ट शेवटपर्यंत ऐकत नसत. त्या दिवशी ऐकली.

"सहा शिलिंग म्हणजे तेव्हाचे किती?"

मी हिशेब करूनच ठेवला होता. "पाच रुपयांच्या आसपास."

"दिवसाचे?"

"दिवसाचे."

काका बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अडुसष्टला माझी रोजी साडेसहा होती." थोड्या वेळानं, "आणि ते दुसरे? हौसवाले? त्यांनी शेवटपर्यंत दिले नाहीत?"

"दिले ना. शंभर वर्षांनी. पंच्याण्णव साली."

"पंच्याण्णवला," काका म्हणाले, "मी रिटायर झालो." आणि आत बघून काकूला चहा टाकायला सांगितला.